परक्या रायफलचा बोल्ट

सुनेला, स्वरांगीला, दुसरी मुलगी झाली आणि दोन्हीकडची म्हातारी माणसं तीन महिन्यांच्या व्हिसावर एका घरात कोंडली गेली, त्या वर्षीच्या दसऱ्याची सकाळ — लोखंडाची एक गोटी दीनानाथांच्या तळहाताच्या खळग्यात होती. गार, चिखलाने बुळबुळीत, मोठ्या आवळ्याएवढी. पण हाताला अनोळखी नव्हती. डोळे मिटूनही त्यांनी सांगितलं असतं की ह्या गोटीला पुढे आखूड दांडा असणार, दांडा खाली वळलेला असणार, आणि दांड्याच्या मागच्या अंगाला अंगठा फिरवला की ठोकलेला नंबर लागणार. त्यांनी अंगठा फिरवला नाही. गोटी सोडली. ती मूठ असलेला रायफलीचा बोल्ट बादलीतल्या बाकीच्या लोखंडांवर आपटला, आणि कपडे धुण्याच्या यंत्राची घरघर चालू असतानाही तो आवाज त्यांना नको इतका स्पष्ट ऐकू आला.

बादली डेक्लनची होती. डेक्लन म्हणजे मागच्या कुंपणापलीकडच्या शेताचा आयरिश मालक, साठीचा, गालांवर लाल शिरांचं जाळं असलेला. त्याच्या गवत कापायच्या यंत्राची एक पिन शेतात पडली होती. ती पात्यात सापडली तर यंत्राचं वाटोळं होईल म्हणून मेव्हण्याकडून धातू शोधायचं यंत्र मागून आणून तो दोन दिवस गवतात फिरत होता, आणि घरात ज्यांना दुसरं काही काम नव्हतं असे बाळासाहेब — स्वरांगीचे वडील, दीनानाथांचे व्याही, सेवानिवृत्त उपजिल्हाधिकारी — जावयाचा रेनकोट घालून त्याच्या मागोमाग. पिन सापडलीच नाही. काल चराच्या कडेला यंत्र बोंबललं, तिथे कोपरभर काळ्या चिखलाखाली डांबर फासलेलं गोणपाट निघालं आणि गोणपाटात ही लोखंडं. डेक्लनने तिथूनच गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन लावला. गोळ्या आहेत का? नाहीत. मग कोरड्यात ठेवा, उद्या चारला येतो. डेक्लन कुणाचंच नाव घेत नसे, सगळ्यांना ‘युअर मॅन’ म्हणे. तुमच्याकडचा युअर मॅन बंदुकांच्या कामात होता ना, त्याला दाखवा काय आहे ते, असं म्हणून त्याने बादली कुंपणावरून दिली होती.

बंदुकांच्या कामात... हे त्याला कुणी सांगितलं? अंबरीशने, दुसरं कोण सांगणार. मुलगा ड्रोहेड्याच्या इस्पितळात डॉक्टर, चारचौघांत मानाचा, आणि बापाचं कौतुक तो असा न मागता वाटत फिरायचा, प्रसादासारखं. आणि दर वेळी बापाला तो प्रसाद थुंकून टाकावासा वाटायचा.

वस्तू काय आहे हे कळायला त्यांना क्षणही लागला नव्हता. थ्री नॉट थ्री. जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयातल्या शस्त्रागारात एकतीस वर्षं ज्या रायफलीच्या नळीतून दोरीला बांधलेली तेलकट चिंधी त्यांनी ओढली, तीच. इंग्रजांनी बनवली, जिथे जिथे गेले तिथे नेली. इथल्या लोकांनी हिसकावून त्यांच्यावर उलटी धरली, मग आपसांतही चालवली, आणि कुणीतरी तिचे तुकडे करून चरात पुरले. पुरणाऱ्याच्या हाताला लोखंड कळत होतं. बाहेर डांबर, आत ग्रीसचा बोटभर थर — म्हणून तर इतक्या वर्षांनीही लोखंड नुसतं काळं पडलं होतं, कुजलं नव्हतं. पुरणाऱ्याला परत यायचं होतं. आला नाही. हेही त्यांना बघताक्षणी कळलं, आणि त्या न आलेल्या माणसाचाही राग आला. पुरायचं तर नीट, खोल तरी पुरायचं होतं.

बाळासाहेबांचं सगळं कालच ठरलं होतं. एकच रायफल, सुटी करून पुरलेली, बंडखोरांची. फोनवर वाचलेलं ते चहाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवत होते, प्रत्येक वाक्याआधी एकदा घसा खाकरत. दीनानाथांना ह्या माणसाच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या घशाचा जास्त राग यायचा. खाकरायचं असं, की जणू समोर अर्जदार रांगेत उभे आहेत. आता ते मागच्या खोलीत आले ते एका हातात अर्धं लिंबू आणि दुसऱ्या हातात जुना टूथब्रश घेऊन.

‘लिंबू लावू नका,’ दीनानाथ म्हणाले.

‘का? पितळेला लावतोच की आपण.’

‘हे पितळ नाही. आंबट लागलं की नंबर खाल्ला जाईल.’

‘दीनानाथराव, दरवर्षी ह्या घरात लॅपटॉपला हळदकुंकू वाहतात. यंदा खरं शस्त्र आपल्या पायांनी चालून आलंय, ते काय असं चिखलाचं मांडायचं? तुमच्या खात्यात दसऱ्याला घासतच होते ना सगळं? का ते फक्त तुम्हीच घासायचात?’

शेवटचं त्यांनी हसत म्हटलं. सगळंच ते हसत म्हणत. अंबरीश-स्वरांगीच्या लग्नाला तेरा वर्षं झाली, तेवढ्यात व्याह्यांनी एकही वावगा शब्द काढला नव्हता. फक्त हसत हसत जागा दाखवली होती — लोहाराचा मुलगा, शस्त्रागारातला मदतनीस, तेहेतिसाव्या वर्षी बाराखडी शिकलेला. ह्या सगळ्यात खोटं काही नव्हतं. दीनानाथांनी लिंबू त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाळासाहेब डब्याकडे बघत राहिले, मग व्हिनेगर कुठल्या प्रेसमध्ये आहे म्हणून आत बायकोला विचारत निघून गेले. कपाटाला प्रेस म्हणायला ते नातीकडून शिकले होते आणि तो शब्द दिवसातून दहा वेळा वापरत.

घासत होते ना...

घासत होतेच. खंडेनवमीला शस्त्रागाराच्या व्हरांड्यात सतरंज्या, सतरंज्यांवर चाळीस रायफली, रॉकेलचे पत्र्याचे ट्रे, नाक चुरचुरेल इतका वास. नियम असा की एका वेळी एकच रायफल खोलायची, तिचा बोल्ट, म्हणजे गोळीमागे नळी बंद करणारा सरकता दांडा, तिच्याच शेजारी ठेवायचा, नंबराला नंबर लावूनच परत बसवायचा. भिंतीवर तो रंगवलेला होता म्हणे. पण सकाळी आठला साहेब पूजेला येणार, फोटोवाला येणार, झेंडूची पोती येऊन पडलेली, आणि मोठे हवालदार ओरडताहेत, आटपा, आटपा... मग मी चाळीसही बोल्ट काढून एका ट्रेमध्ये टाकले. मी. दुसऱ्या कुणी नाही. एकत्र घासले की अर्ध्या वेळात होतात. परत बसवताना नंबर वाचायचे, आणि मला ना अक्षर येत होतं ना आकडा. पण माझ्या हातांना येत होतं. घालायचा, ढकलायचा, दांडा खाली वळवायचा — अडला की काढून दुसरा, लोण्यासारखा गेला की तो त्याचाच. असे चाळीस बसवले, दिवेलागणीच्या आत. मोठे हवालदार म्हणाले, लोहाराच्या पोरा, तुझ्या बोटांना डोळे आहेत. आणि मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं अजून आठवतं.

डिसेंबरात वार्षिक गोळीबाराचा सराव. चौथ्या गोळीला नरेंद्रच्या रायफलीतून जाळ पुढे गेला तसा मागेही आला. बोल्ट परका होता. हाताला लोण्यासारखा लागला तो झिजलेला होता म्हणून. मध्ये केसाएवढी फट राहिली होती. केसाएवढीच... नरेंद्र चोवीस वर्षांचा, पोलीस शिपाई, नेमबाजीत कच्चा, भलताच डोळा मिटायचा. अख्ख्या मुख्यालयात मला पेपर वाचून दाखवणारा तो एकटा. त्याच वर्षी जूनमध्ये क्रिकेटच्या विश्वचषकाचा प्रत्येक सामना त्याने शस्त्रागाराच्या बाकावर बसून मला चेंडूगणिक वाचून दाखवला होता, पेपरात नसलेले चेंडूही आपल्या पदरचे घालून.

यंत्राने गिरकीचा वेग वाढवला, खोली थरथरू लागली. दीनानाथांनी दार लोटून घेतलं आणि बादलीतून आधी रायफलीची बॉडी काढली — जिच्यात बोल्ट सरकतो तो मधला भाग — आणि बाहीने पुसली. मग बोल्ट. आता त्यांना आकडे येत होते, इंग्रजीही. बॉडीवर ५२८१. बोल्टावर ७७४०. पुन्हा पुसलं. चष्मा वर करून, डोळ्याला लावून पाहिलं. पाच दोन आठ एक. सात सात चार शून्य.

म्हणजे इथेही कुणीतरी.

कोण, कधी, आणि पुढे काय झालं, हे कळायचा मार्ग नव्हता, आणि त्यांना कळूनही घ्यायचं नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की चार वाजता गार्ड येईल, अंबरीश बापाला टेबलाशी बसवेल, बाबा सांगा, म्हणेल. आणि बोल्ट हातात घेऊन बाबांनी खरं सांगितलं की हा ह्या रायफलीचा नाही, तर कुणीतरी विचारणारच, बिघडतं काय त्याने? त्याचं उत्तर नरेंद्र होतं. एकेचाळीस वर्षं हे उत्तर त्यांनी बायकोला दिलं नाही, ती त्याच्याविनाच गेली. मुलापर्यंत तिच्या तोंडून पोचलं ते उलटं केलेलं. आणि नाही सांगितलं, गुपचूप मान हलवली, एकच रायफल म्हणाले, तर खोट्यावर आणखी एक खोटं — ह्या वेळी हातांनी ओळखलेल्या लोखंडाबद्दल. तेवढं एक त्यांनी आजवर केलं नव्हतं. माणसांबद्दल केलं होतं, लोखंडाबद्दल नाही.

पूजा बाराला मांडली. बाहेर पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. ह्या देशाला कशाचाच निकाल लावायची सवय नाही असं त्यांना रोज वाटे. बैठकीच्या खोलीत चौरंगाऐवजी बुटकं टेबल, त्यावर लाल कापड, त्यावर अंबरीशचा स्टेथोस्कोप, स्वरांगीचा लॅपटॉप, थोरल्या नातीची, ईशानीची, खेळायची काठी — तिला हर्ली म्हणतात, सपाट तोंडाची — आणि मध्यभागी बाळासाहेबांनी पुसूनबिसून मांडलेलं लोखंड. सुपरमार्केटातला झेंडू. स्वरांगी तान्ह्या रेवाला घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. डेक्लनलाही बोलावलं होतं. तो बिस्किटांचा डबा घेऊन आला आणि मोज्यांवर, हात पुढे बांधून, चर्चमध्ये उभं राहावं तसा उभा राहिला.

बाळासाहेबांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि मग — हे ठरलेलं नव्हतं, त्यांना तिथल्या तिथे सुचलं — बॉडी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने बोल्ट उचलला आणि मागून आत घातला. ग्रीस अजून होतं. बोल्ट अलगद आत गेला, त्यांनी तळव्याने ढकलला, दांडा वळवला. खट्.

‘बघा,’ बाळासाहेब म्हणाले. ‘बसला. म्हणजे त्याचाच.’

डेक्लनला अंबरीश इंग्रजीतून काहीतरी सांगत होता. दीनानाथांना इंग्रजी बोलता येत नसे, पण ही गोष्ट ते कुठल्याही भाषेत ओळखू शकत होते, चालीवरून. वडील शस्त्रागारात होते, कमालीचे काटेकोर, प्रत्येक बोल्टाचा नंबर बघून लावायचे. तर एक शिपाई होता, आळशी, आपला बोल्ट जड चालतो म्हणून त्याने परस्पर दुसऱ्याचा घातला, आणि बार त्याच्याच तोंडावर फुटला. चौकशी झाली. वडिलांवर बोट ठेवायला जागा नव्हती. डेक्लनने ओठ आवळून मान हलवली, पुअर डिव्हल म्हणाला, आणि दीनानाथांकडे आदराने पाहिलं.

तो आदर.

‘काढा तो बोल्ट,’ दीनानाथ म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण रेवा दचकून रडायला लागली.

‘अहो, पूजा चालली आहे —’

‘काढा म्हणतो ना. हाताला बसला म्हणजे झालं? कुणी शिकवलं तुम्हाला? आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहून आणलेल्यावर सह्या ठोकल्यात आणि आता लोखंड कळायला लागलं?’

बाळासाहेबांनी बोल्ट काढला, कापडावर ठेवला, हात रुमालाला पुसले. घसा खाकरला. ‘सह्या करायला निदान सही यावी लागते, दीनानाथराव,’ ते म्हणाले, आणि हसले; आणि ह्या वेळी ते हसणं नुसतं तोंडाला होतं. ईशानीने एकदा ह्या आजोबांकडे, एकदा त्या आजोबांकडे पाहिलं आणि हर्ली उचलून घेतली. इट्स ग्रँड, इट्स ग्रँड, म्हणजे चालायचंच, असं डेक्लन कुणालातरी म्हणत होता.

अंबरीश मागच्या खोलीत आला तेव्हा दीनानाथ कोरडे झालेले कपडे घडी करत होते. कुणाचे आहेत हे न बघता.

‘बाबा, काय चाललंय तुमचं? पाहुण्यासमोर? स्वरांगीला बाळंत होऊन तीन आठवडे झालेत, तिच्या वडिलांना तुम्ही —’

‘ती गोष्ट सांगत जाऊ नकोस.’

‘कुठली? त्या शिपायाची? का? मला आवडते ती. आईने सांगितलेली आहे.’

‘मेलेल्या माणसाची आहे ती.’

‘स्वतःच्या चुकीने मेला ना तो, बाबा?’

डॉक्टरी आवाजात विचारलं त्याने, समजुतीच्या. रुग्णाच्या नातेवाइकांशी हा ह्याच आवाजात बोलत असणार. दीनानाथांनी तोंड उघडलं. शब्द होता, तयार होता, दातांपर्यंत आला होता. वरून स्वरांगीने हाक मारली, डायपर, आणि अंबरीश ‘बघतो नंतर’ म्हणून वळला. त्यांच्या हातात एक इवलंसं झबलं राहिलं. त्याचंही काय करावं त्यांना सुचेना. चुरगाळून खिशात घातलं.

जेवले नाहीत. खिडकीशी बसून राहिले. डेक्लनच्या गाई चराच्या कडेने एका ओळीत उभ्या होत्या, ढिम्म, आणि त्या गाईंचाही त्यांना राग आला. पण त्या रागाला आता पहिल्यासारखी धार येत नव्हती, तो पुन्हा पुन्हा उचलावा लागत होता...

माघात पद्मजा आली होती. नरेंद्रची बायको. शस्त्रागाराच्या फाटकाबाहेर उभी राहिली, आत येऊ देत नसत. तोवर चौकशी आटोपली होती. मोठ्या हवालदारांनी कागद आणला होता, कुणीतरी लिहून दिलेला, काही विचारलं नव्हतं. तू बोलू नकोस, अंगठा दे, आपण दोघंही सुटतो, एवढंच म्हणाले. मी दिला. काय लिहिलंय विचारलंही नाही. पण ती फाटकाशी उभी राहून विचारत होती, यांनी खरंच स्वतः बदलला होता का हो? आणि मी म्हणालो, कागदात तसंच आहे, वहिनी. ती म्हणाली, तुम्ही वाचलंत? मी म्हणालो, हो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला उशिरा उमगलं का ते. नरेंद्र घरी सांगत असणार ना — शस्त्रागारातल्या दीनाभाऊंना मी पेपर वाचून दाखवतो, त्यांना वाचता येत नाही. तिने पदर सारखा केला आणि गेली. त्यानंतर ती गावातच दिसली नाही. नरेंद्रचं नाव कर्तव्यावर गेलेल्यांच्या फलकावर लागलं नाही. स्वतःच्या हलगर्जीने गेलेल्याचं लावत नसत.

त्याच उन्हाळ्यात मी प्रौढांच्या वर्गाला नाव घातलं. सगळ्यांना वाटलं, बढतीसाठी. चार-पाच वर्षांनी जुन्या फायली जाळायला काढल्या तेव्हा कपाटं हलवायला मीच होतो, आणि एका फायलीत माझा अंगठा मला दिसला. वरची ओळ बोट लावून वाचली. सदर बोल्ट मयताने स्वतःच्या सोयीसाठी परस्पर बदलल्याचे मी समक्ष पाहिले. समक्ष. तो शब्द लागायला वेळ लागला, जोडाक्षर होतं. अंगठा अडाण्याचा होता, ठीक आहे, ते कुणीही मान्य करील. पण त्यानंतर मला वाचता येत होतं, लिहिता येत होतं, अर्ज करता येत होता, पोस्टाचं कार्ड टाकता येत होतं. फाईल मी बाकीच्या फायलींबरोबर जाळात टाकली. पुढची सगळी वर्षं शिकलेल्या माणसाची होती.

साडेतीनला बाळासाहेब स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. पुढ्यात बादली, कोरा कागद, शाईचं पेन. अंबरीश वर होता. गार्डासाठी टिपण करून ठेवलेलं बरं म्हणत त्यांनी बारीक, सरळ अक्षरांत इंग्रजीत आठ ओळी लिहिल्या आणि दीनानाथांकडे न बघता मराठीत अर्थ सांगितला: सापडल्याची जागा, वेळ, वस्तूंची यादी, एक रायफल, तिच्या मूळ बोल्टासह. सकाळचं विसरल्यासारखंच बोलले. मग कागद वळवून पुढे सरकवला. ‘खाली तुमची सही. ओळखणारे तज्ज्ञ म्हणून. गार्डला बरं पडेल.’

तज्ज्ञ हा शब्द टोमण्याचा होता की समेटाचा, दीनानाथांना ओळखता येईना. त्यांनी पेन घेतलं नाही.

‘तिचा नाही तो.’

‘काय?’

‘बोल्ट. नंबर बघा.’

बाळासाहेबांनी पेपर वाचायचं भिंग काढलं. बॉडी बघितली, बोल्ट बघितला, पुन्हा बॉडी. बराच वेळ लावला. घसा खाकरला नाही. ‘वेगळे आहेत,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘पण मी माझ्या हाताने बसवला. सहज बसला.’

‘बसतो. झिजलेला कुठेही बसतो. चांगला बसतो, हाताला वाटतं हाच. बार काढला की मग...’ दीनानाथांनी बोटांनी काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला, फट, केस. मग हात टेबलाखाली घेतले.

‘अंबरीश सांगतो तो शिपाई,’ बाळासाहेब सावकाश म्हणाले.

आता हसेल हा. दीनानाथ वाट बघत होते. तेरा वर्षं हा माणूस ज्याच्या शोधात होता ते आता त्याच्या हाती पडणार होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडण्याआधी ह्याच्याच हाती पडावं असं आपल्याला का वाटतंय हे त्यांना उमगेना. अंबरीशला सांगितलं तर तो बाबा म्हणेल, जवळ घेईल, वय झालंय म्हणेल, जाऊ द्या म्हणेल. हा जाऊ देणार नाही.

‘त्याने नव्हता बदलला,’ दीनानाथ म्हणाले. ‘मी बसवला. दसऱ्याचं घासताना. नंबर न बघता. मला वाचता येत नव्हतं, आणि त्या दिवशी मी तसं म्हटलं नाही. नंतर त्याच्यावर घातलं.’

बाळासाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग परत काढलं. लिहिलेला कागद त्यांनी घडी करून बाजूला ठेवला आणि नवा घेतला, कोपरा कोपऱ्याशी सरळ केला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, दयाही नव्हती. असा चेहरा दीनानाथांनी त्यांच्याकडे कधी पाहिला नव्हता — खुर्चीत बसून शेकडो माणसांना विचारून विचारून झालेला, कामाचा. जिन्यावर अंबरीशची पावलं तीन-चार पायऱ्या उतरली आणि थांबली. ऐकायला थांबली की वर काही राहिलं म्हणून, कळलं नाही. बाहेर चिखलाच्या रस्त्याला एक गाडी वळत होती.

‘नाव सांगा,’ बाळासाहेब म्हणाले. ‘त्याचं. पूर्ण. आणि तारीख.’

विचारत होते. तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं, लिहून आणलेलं होतं. दीनानाथांनी सवयीने राग शोधला, ह्या माणसाचा, ह्या टेबलाचा, वर थांबलेल्या पावलांचा, सापडला नाही. तिथे भीती होती, बत्तीस वर्षांच्या माणसाची असते तशी, ताजी, आणि त्या भीतीतही आवाज मात्र सरळ निघाला, बाकावर बसून मोठ्याने वाचावं तसा.

नरेंद्र काशिनाथ ढोले, पोलीस शिपाई, वय वर्षे चोवीस. वारला बारा डिसेंबर एकोणीसशे त्र्याऐंशी, सोमवारी पहाटे, इस्पितळात.